रस्ता कुणाचा, परवाना कुणाला?

संकटकाळी सरकार काय बंद करते यावरून नव्हे, तर काय उघडते यावरून त्याची पारख करावी, असे मला वाटते. बंद करणे सोपे असते. त्याला एक हुकूम आणि चार शिपाई पुरतात. आपल्याकडे तर त्यासाठी सव्वाशे वर्षांपूर्वीचा तयार कायदाच आहे. मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळी, १८९७ साली, इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. अवघ्या चार कलमांचा तो कायदा. त्यात सरकारला हवे ते निर्बंध घालण्याची मुभा आहे. ज्याचे नुकसान होईल त्याला भरपाई द्यायची की नाही, हे मात्र सरकारच्या मर्जीवर सोडलेले आहे. २०२० च्या मार्चमध्ये करोनाची साथ आली तेव्हा महाराष्ट्रात हाच कायदा पुन्हा बाहेर काढावा लागला. दारे बंद करण्याचा अधिकार असा सदैव सज्ज असतो. ती उघडण्याची तयारी मात्र कोणी करून ठेवत नाही.

ह्या लेखात मला उघडण्याविषयी लिहायचे आहे, आणि तेही एका अगदी रोजच्या गोष्टीच्या निमित्ताने. ती गोष्ट म्हणजे उपाहारगृहाचा परवाना. वाचक म्हणतील, माणसे मरत होती आणि तुम्ही हॉटेलवाल्यांचे काय घेऊन बसलात? पण हॉटेल म्हणजे केवळ गल्ल्यावर बसलेला मालक नव्हे. त्याच्या मागे भटारखान्यातला आचारी असतो, टेबल पुसणारा पोऱ्या असतो, भांडी घासणारी बाई असते, पहाटे भाजी आणि दूध टाकणारा असतो. हॉटेल बंद झाले की ह्या सगळ्यांची चूल विझते. जागेचे भाडे मात्र बंद होत नाही. नाशवंत माल थांबत नाही. हा धंदा रोजच्या गल्ल्यावर चालतो. महिनाभर गल्ला रिकामा राहिला तर पुढच्या महिन्यात दार उघडायला माणूस उरत नाही.

ह्या प्रश्नाचा खरा उलगडा मला न्यूयॉर्क शहराच्या उदाहरणात सापडतो. इतक्या दूरचे उदाहरण घेण्याला कारण आहे. त्या शहरात एकाच पदपथावर, एकाच साथीत, महापालिकेने एकाला परवाना देण्याची घाई केली आणि दुसऱ्याला रांगेत उभे ठेवले. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी घडल्यामुळे त्यातला न्याय-अन्याय उघड्या डोळ्यांना दिसतो.

मार्च २०२० च्या मध्यास न्यूयॉर्कमधील सर्व उपाहारगृहांत बसून खाण्यास बंदी झाली. पदार्थ बांधून न्यावेत किंवा घरपोच मागवावेत, एवढीच मोकळीक राहिली. रोगाचे स्वरूप पाहता हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. करोनाचा विषाणू श्वासावाटे, बोलण्यातून हवेत पसरतो आणि बंद खोलीत साचून राहतो. जेवताना तोंडावर मुखपट्टी ठेवता येत नाही. मग जेथे माणसे तासभर समोरासमोर बसून बोलतात आणि खातात ती जागा धोक्याची ठरणारच. पण ह्याच ज्ञानाची दुसरी बाजू अशी की, मोकळ्या हवेत हा धोका पुष्कळ कमी होतो. म्हणजे टेबले भिंतीबाहेर मांडली तर गिऱ्हाईकही वाचते आणि धंदाही वाचतो. टेबले बाहेर मांडू देणे ही हॉटेलवाल्यावरची मेहेरबानी नव्हती. तो साथीवरचाच एक उपाय होता.

अडचण होती ती परवान्याची. पदपथावर टेबले मांडण्याची सोय त्या शहरात पूर्वीपासून होती; पण त्यासाठी वेगळा परवाना लागे, चौरस फुटांवर भाडे भरावे लागे, नकाशे काढावे लागत, वस्तीच्या मंडळासमोर आणि नगरपरिषदेसमोर अर्ज जाई आणि निकाल लागायला महिनोन् महिने लागत. कित्येक रस्त्यांवर तर नगररचनेच्या नियमांनी अशी टेबले मुळातच वर्ज्य होती. परिणाम असा की, हजारो उपाहारगृहांच्या त्या महानगरात पदपथावरची परवानाधारक उपाहारगृहे हजाराच्या थोडी वर होती, आणि त्यांतली बहुतेक मॅनहॅटनच्या सधन भागात. क्वीन्स किंवा ब्रॉन्क्समधल्या लहान खानावळवाल्याला असा परवाना म्हणजे आकाशातला चंद्र होता.

२२ जून २०२० पासून हे सारे बदलले. महापौरांच्या आणीबाणीच्या हुकमाने नवी योजना सुरू झाली. मालकाने संगणकावर एक अर्ज भरायचा, आपण नियम पाळतो आहोत असे स्वतःच प्रमाणित करायचे, आणि टेबले मांडायची. शुल्क नाही, सुनावणी नाही. केवळ पदपथच नव्हे, तर त्याला लागून असलेली मोटारी उभ्या करण्याची पट्टीही ह्या योजनेत मोकळी झाली. नियम होतेच. पदपथावर पायी चालणाऱ्यांसाठी आठ फूट वाट मोकळी हवी, आगीच्या बंबाला पाणी देणाऱ्या नळापासून पंधरा फूट अंतर हवे, रस्त्याकडच्या बाजूस भक्कम कठडा हवा, आणि आपल्या दुकानाच्या रुंदीबाहेर जायचे नाही. काही महिन्यांतच दहा हजारांहून अधिक उपाहारगृहे ह्या योजनेत आली, आणि ती शहराच्या पाचही विभागांतली होती. सुमारे एक लाख नोकऱ्या त्यामुळे वाचल्या, असा शहराचा दावा होता. आकडा थोडा फुगवलेला आहे असे धरले तरी उरतो तो लहान नाही.

येथे एक साधा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. जे काम एका अर्जाने झाले, त्याला पूर्वी इतके महिने का लागत होते? त्या महिन्यांत नेमके काय तपासले जात होते? परवाना पद्धतीचे कैवारी सांगतील की, नियम उगाच केलेले नसतात. आंधळ्या माणसाची काठी टेबलाला अडखळू नये, अपंगाची चाकाची खुर्ची अडू नये, वरच्या मजल्यावरच्या म्हातारीला रात्री झोप लागावी, म्हणून नियम असतात. हे मला पूर्णपणे मान्य आहे. पण बारकाईने पाहिले तर त्या जून महिन्यात हे नियम गेलेच नाहीत. आठ फुटांची वाट कायम राहिली, पंधरा फुटांचे अंतर कायम राहिले. गेली ती फक्त रांग. नियम आणि रांग ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नियम लोकांचे रक्षण करतो; रांग बहुधा रांग लावणाऱ्याचे महत्त्व राखते. सरकारी कचेरीत आपण दोघांनाही ‘परवाना’ ह्या एकाच नावाने ओळखतो, म्हणून आपला घोटाळा होतो. संकटाने ही दोन्ही वेगळी करून दाखवली, ही त्या योजनेची मोठी देणगी आहे.

योजनेत दोष नव्हते असे नाही. रस्त्यावर उभारलेल्या लाकडी खोपटांखाली उंदीर झाले, कचरा साचला, रात्री गोंगाट वाढला, धंदा बुडालेल्यांची खोपटी तशीच पडून राहिली. रहिवासी कोर्टात गेले. २०२२ मध्ये अशी बेवारशी खोपटी पाडण्याची मोहीम महापालिकेला काढावी लागली. ह्यावरून काहींनी निष्कर्ष काढला की, रांग होती तेच बरे होते. मला तसे वाटत नाही. दोष रांग नसण्याचा नव्हता. अर्ज भरल्यानंतर तपासणी करायला पुरेशी माणसे नव्हती, हा तो दोष होता. आधी महिनोन् महिने अडवायचे आणि एकदा शिक्का मारला की ढुंकून पाहायचे नाही, ही जगभरच्या कचेऱ्यांची रीत आहे. ती उलटी केली पाहिजे. परवानगी लवकर द्यावी आणि पाहणी वारंवार करावी.

आता त्याच पदपथावरच्या दुसऱ्या माणसाकडे वळू. न्यूयॉर्कच्या कोपऱ्याकोपऱ्यावर खाद्यपदार्थांच्या गाड्या उभ्या असतात. कोणी भातावर कोंबडीचे तुकडे घालून देतो, कोणी भाजलेले शेंगदाणे विकतो, कोणी मेक्सिकोची तामाले; शोधणाऱ्याला डोसाही मिळतो. गाडीवाले बहुतेक परदेशांतून पोटासाठी आलेले. ह्या गाड्यांच्या परवान्यांवर शहराने १९८३ साली मर्यादा घातली. सुमारे तीन हजार परवाने, त्यापुढे नाही. शहर वाढले, लोक वाढले, आकडा मात्र तेथेच राहिला. मग जे कोठेही होते तेच झाले. ज्यांच्या हाती परवाने होते त्यांनी ते भाड्याने लावले. महापालिकेची फी दोन वर्षांना दोनशे डॉलरांच्या आसपास असताना काळ्या बाजारात त्याच कागदासाठी वीस हजार डॉलरांपर्यंत मोजावे लागत. ज्याला ते परवडत नसे तो विनापरवाना उभा राही, दंड भरी आणि पुन्हा उभा राही.

साथ आली तेव्हा ह्या गाडीवाल्याचे काय झाले? त्याचा धंदा तर मुळातच उघड्यावरचा. त्याला भिंती नाहीत, बंद खोली नाही, कोंडलेली हवा नाही. रोगाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याचे जेवण तोच देत होता. सवलतीचा पहिला मान त्याचा असायला हवा होता. प्रत्यक्षात २०२० च्या त्या उन्हाळ्यात दहा हजार उपाहारगृहांना फुकट पदपथ आणि फुकट रस्ता मिळाला, आणि गाडीवाल्यांच्या परवान्यांची संख्या एकानेही वाढली नाही. शहराच्या नगरपरिषदेने त्याविषयी कायदा केला तो २०२१ च्या जानेवारीत. त्यानुसार दरवर्षी ४४५ नवे परवाने, दहा वर्षांपर्यंत, द्यायचे ठरले. आणि त्याचाही अंमल रेंगाळला. एकाला चार दिवसांत रस्ता आणि दुसऱ्याला अडतीस वर्षांनंतर हप्त्याहप्त्याने परवाना!

असे का व्हावे? महापौर दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. कारण जास्त खोल आहे. सवलत देताना सरकार आपल्या वहीत पाहते. वहीत ज्याचे नाव आहे, पत्ता आहे, ज्याची संघटना आहे, तो सरकारला दिसतो. ज्याला आधीपासून दार आहे त्याच्याच दारासमोरचा रस्ता त्याला दिला जातो. ज्याला दारच नाही त्याच्यासमोरचा रस्ता कोणता? परवान्यातली सवलत परवानाधारकालाच मिळते, हे वाक्य ऐकायला बाळबोध आहे, पण सगळी गोम त्यातच आहे. जुनी वाटणी जर अन्यायाची असेल, तर तिच्यावर आधारलेली सवलत तो अन्याय दुप्पट करते.

साथ ओसरल्यावर पुढचा अंक झाला. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण न्यूयॉर्कमध्ये कोणी ऐकलेली नसेल, पण तिचा प्रत्यय तेथेही आला. २०२३ साली शहराने ही योजना कायमची करणारा कायदा केला. नाव कायमचे, पण रस्त्यावरची टेबले वर्षातून आठच महिने, एप्रिल ते नोव्हेंबर. हिवाळ्यापूर्वी सारे उचलायचे, कोठेतरी ठेवायचे आणि पुन्हा मांडायचे. चार वर्षांच्या परवान्यासाठी पदपथाचे १,०५० डॉलर, रस्त्याचे तेवढेच. शिवाय जागेचे वार्षिक भाडे वेगळे, आणि अर्ज, नकाशे, सुनावण्या हेही परत आले. दहा-बारा हजारांवर गेलेली संख्या काही हजारांवर उतरली. गळाले ते लहान. मोठ्या हॉटेलाला नकाशा काढणारा आणि अर्ज लिहिणारा माणूस ठेवणे परवडते; नवराबायकोने चालवलेल्या खानावळीला नाही.

येथे माझे मत थोडे निराळे आहे, तेही सांगून टाकतो. जागेचे भाडे घेतले ह्याबद्दल माझी तक्रार नाही. रस्ता सर्वांचा आहे. त्याचा तुकडा एका धंद्याला कायमचा फुकट देणे म्हणजे सार्वजनिक मालमत्तेची खिरापत वाटणे होय. संकट होते तोवर ती खिरापत योग्य होती; संकट सरल्यावर वस्ती पाहून भाडे ठरवणे हेच न्याय्य, आणि त्या कायद्यात गरीब भागाला दर कमी ठेवले आहेत हे चांगलेच आहे. माझी तक्रार आहे ती रांग परत आणल्याबद्दल. भाडे घ्या, नियम पाळायला लावा, मोडला तर टेबले उचला. पण जो अर्ज एका बैठकीत भरून झाला होता त्याला पुन्हा महिने कशाला? साथीत जे शहाणपण आले ते साथीबरोबरच जावे, ह्याला काय म्हणावे?

आता ह्या आरशात आपले तोंड पाहणे प्राप्त आहे. महाराष्ट्रात २५ मार्च २०२० च्या देशव्यापी टाळेबंदीपासून उपाहारगृहांत बसून खाणे थांबले ते ५ ऑक्टोबर २०२० पर्यंत. सहा महिन्यांहून अधिक काळ. उघडली तीही निम्म्या आसनांवर. पुढे २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा दारे लागली. ह्या काळात आपल्याकडेही परवान्यांचा विचार झाला. २०२० च्या अखेरीस राज्य मंत्रिमंडळाने ठरवले की, हॉटेल काढण्यासाठी लागणारे सत्तर परवाने दहावर आणायचे आणि बाकी कामे स्वयंप्रमाणनावर सोपवायची. निर्णय स्वागतार्ह होता. पण सत्तर ह्या आकड्यापाशी क्षणभर थांबावेसे वाटते. सत्तरांतले साठ परवाने जर साथीत अनावश्यक ठरले, तर साथ येण्यापूर्वी ते कोणाच्या आवश्यकतेचे होते?

आणि आपला गाडीवाला? त्याच्यासाठी १ जून २०२० रोजी केंद्र सरकारने पथविक्रेत्यांची स्वनिधी योजना आणली. त्यात दहा हजार रुपयांचे खेळते भांडवल कर्जाऊ मिळणार होते. कर्जाची गरज नव्हती असे नाही; भांडवल खाऊन बसलेल्या माणसाला दहा हजारही मोलाचे असतात. पण फरक ध्यानात घ्या. हॉटेलवाल्याला परवान्यात सूट आणि गाडीवाल्याला कर्ज. कर्ज फेडायचे तर गाडी उभी राहिली पाहिजे, आणि गाडी उभी करायला जागा पाहिजे. जागेचे काय? त्यासाठी कायदा आहे, तोही चांगला आहे. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील फेरीवाल्यांच्या दाव्यात विभाग आखून देण्याचा मार्ग दाखवला. तीस वर्षांनी, २०१४ साली, पथविक्रेत्यांचा कायदा संसदेने केला. दर पाच वर्षांनी पाहणी करावी, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावे, नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सभासद खुद्द विक्रेत्यांनी निवडलेले असावेत, असे त्यात लिहिले आहे. प्रत्यक्षात मुंबईसारख्या शहरात ह्या समितीसाठी विक्रेत्यांची निवडणूक व्हायला २०२४ साल उजाडले. दहा वर्षे! साथ मधल्या मध्ये येऊन गेली, आणि साथीत ज्या समितीने गाडीवाल्याची बाजू मांडायची तिच्यात त्याने निवडून दिलेला एकही माणूस नव्हता.

काही मित्र म्हणतात, फेरीवाल्यांनी पदपथ अडवले आहेत, चालायला जागा नाही, पदार्थांवर माशा बसतात. त्यांना आणखी सवलती कशाला? ह्यात तथ्य नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण मग आठ फुटांचा नियम सर्वांना सारखाच लावा. हॉटेलच्या टेबलाने वाट अडली तर ती ‘शहराची शोभा’ आणि गाडीने अडली तर ‘अतिक्रमण’, असे दोन शब्दकोश चालणार नाहीत. स्वच्छतेचेही तेच. ज्याला उद्या गाडी उचलली जाईल ही धास्ती आहे, तो पाण्याच्या टाकीवर आणि काचेच्या कपाटावर पैसे कशाला घालील? ज्याची जागा निश्चित असते तोच ती स्वच्छ ठेवतो. परवाना नाकारून स्वच्छता येत नाही. परवाना देऊन ती मागता येते.

ह्या साऱ्यावरून मला तीन गोष्टी सुचतात. पहिली, सवलतीचा कायदा संकटापूर्वीच लिहून ठेवावा. साथ जाहीर झाली की कोणती शुल्के थांबतील, कोणत्या परवानग्या अर्ज देताच मिळतील आणि सवलत कोणत्या दिवशी संपेल, हे आधी ठरलेले असावे. आणीबाणीच्या हुकमाने दिलेली वस्तू आणीबाणीबरोबरच जाते, आणि तोवर ती कोणाला मिळावी हे ओळखीपाळखीवर ठरते. दुसरी, सवलतीचा आरंभ खालून व्हावा. ज्याचा धंदा उघड्या हवेतला आणि ज्याच्याजवळ शिल्लक सर्वांत कमी, त्याचा अर्ज आधी. तिसरी, संकट संपल्यावर भाडे परत यावे, नियम अधिक कसून पाळले जावेत, पण रांग परत येऊ नये.

आपल्या महाविद्यालयाबाहेर वडापावची गाडी नसती तर आपल्यापैकी कितीजण दुपारी उपाशी राहिले असते, ह्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. त्या गाडीवाल्याला दया नको आहे. शेजारच्या उपाहारगृहाच्या मालकाला महापालिकेकडून जी वागणूक मिळते तीच त्याला हवी आहे: एक अर्ज, एक स्पष्ट नियम, एक ठरलेली मुदत. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. पण ती आली म्हणजे शिपाई आधी येतील हे नक्की. त्यांच्या पाठोपाठ परवाने देणारा कारकूनही आला पाहिजे, आणि त्याच्या यादीत गाडीवाल्याचे नाव आधीच लिहिलेले असले पाहिजे. ते लिहायची वेळ साथ नसतानाची असते, म्हणजेच आत्ताची.